पवित्र साक्रामेंताची आराधना: गोव्यातल्या मराठी वाचकांचे नेहमीचे प्रश्न

गोव्यातल्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, सूचना कोकणीत आणि फलकावरचा मजकूर बहुतेक रोमी लिपीत. विचारणारा मात्र कधी वसईहून वास्कोला बदली होऊन आलेला असतो, कधी सावंतवाडीहून म्हापशाला सून म्हणून आलेली, तर कधी डिचोलीचे हिंदू शेजारी, ज्यांना कुणीतरी सहज म्हटलेलं असतं, "या शुक्रवारी आराधनेला". या सगळ्यांकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. चर्चचा नियम आणि नुसती गावची रीत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायचा प्रयत्न केला आहे, कारण निम्मा गोंधळ त्या एकत्र केल्यामुळेच होतो. वेळा दिलेल्या नाहीत. त्या प्रत्येक पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीच्या) वेगळ्या असतात आणि पावसाळ्यात बदलतातही.

१. आराधना म्हणजे नेमकं काय? मिस्सा झाला की तेवढं पुरे नाही का?

मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. तिच्यात भाकर आणि द्राक्षारस हे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, ही कॅथलिक श्रद्धा; त्यालाच पवित्र साक्रामेंत म्हणतात. ती भाकर लोकांना देणं म्हणजे कम्युनियन. ते देऊन झाल्यावर उरलेल्या होस्ट, म्हणजे त्या भाकरीच्या चकत्या, टाकून देत नाहीत, त्या साक्रारमध्ये, म्हणजे वेदीजवळच्या कुलूपबंद कोनाड्यात ठेवतात. त्या ठेवण्याचं पहिलं कारण आजारी आणि मरणासन्न माणसांना कम्युनियन नेता यावं, हे. ख्रिस्त तिथे आहे असं मानलं की त्याच्यासमोर बसून प्रार्थना करणं ओघानं आलंच. हीच होस्ट मॉन्स्ट्रन्समध्ये, म्हणजे एका उंच पात्रात, ठेवून वेदीवर सर्वांना दिसेल अशी मांडली, लोक तिच्यासमोर काही वेळ थांबले आणि शेवटी तिनेच आशीर्वाद दिला, की त्याला आपण आराधना म्हणतो.

म्हणजे आराधना मिस्सातून निघते आणि पुन्हा मिस्साकडेच नेते. "मला मिस्सापेक्षा आराधना आवडते, तिथे शांत वाटतं" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. शांत वाटतं हे चांगलंच, पण वेदीवर मिस्साच झाला नसता तर समोर ठेवायला होस्टच नसती, एवढं लक्षात असावं.

२. गव्हाच्या पिठाची पातळ चकती ती. तिला देव कसं मानता?

प्रश्न थेट आहे आणि तो विचारायला कुणी लाजू नये. होस्ट नुसत्या गव्हाच्या पिठाची आणि पाण्याची असते, खमीर नाही, मीठ नाही. पवित्रीकरणानंतरही रंग, चव, वजन तेच राहतं. पण दिसतं ते भाकरीचं आणि आहे तो ख्रिस्त, असं कॅथलिक चर्च मानतं. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर हाती घेऊन ती आपलं शरीर आहे असं म्हटलं, ते शब्द चर्च जसेच्या तसे घेतं. १५५१ साली ट्रेंटच्या धर्मसभेने ही शिकवण स्पष्ट शब्दांत मांडली आणि या साक्रामेंताची आराधना करणं योग्यच आहे, असंही त्याच वेळी सांगितलं.

अहिल्यानगर किंवा कोल्हापूरकडून आलेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना इथे अडखळायला होतं, कारण त्यांच्या प्रभुभोजनात सहसा भाकर पुढे आराधनेसाठी राखून ठेवत नाहीत. हा मतभेद खरा आहे आणि तो गोड बोलून मिटत नाही. तरी तुम्ही येऊन बसलात तर कुणी तुमची श्रद्धा तपासायला येणार नाही.

३. गोंयच्या सायबाच्या शवाच्या दर्शनालाही 'एक्स्पोझिशन' म्हणतात आणि यालाही. दोन्ही एकच का?

नाही, आणि हा फरक मोठा आहे. गोंयचे सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. ते १५५२ साली वारले. त्यांचे अवशेष जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेत असतात आणि साधारण दहा वर्षांतून एकदा से कॅथेड्रलमध्ये दर्शनाला ठेवतात. अलीकडचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं होतं. तिथे आपण एका संताला मान देतो, त्याला आपल्यासाठी देवाकडे विनवायला सांगतो. आराधना फक्त देवाची. म्हणून शवपेटीसमोर डोकं लववतात, हात जोडतात, पण गुडघा टेकायचा तो साक्रामेंतासमोर.

त्याच से कॅथेड्रलमध्ये पवित्र साक्रामेंताचं वेगळं कपेल (छोटं प्रार्थनागृह) आहे. दर्शनाच्या दिवसांत बाहेर रांगा लांबलचक असतात आणि त्या कपेलमध्ये बाकं रिकामी. आमचं मत विचाराल तर सायबालाही हे फारसं आवडत नसावं.

४. पहिल्यांदाच येतोय. काय काय होतं ते क्रमाने सांगाल का?

फादर, किंवा दीक्षित डीकन (फादरच्या खालच्या पायरीचे सेवक), साक्रार उघडतात आणि लुनेट बाहेर काढतात. लुनेट म्हणजे होस्ट उभी राहावी म्हणून केलेली काचेची गोल डबी. ती मॉन्स्ट्रन्सच्या मधोमध सरकवतात. मॉन्स्ट्रन्स म्हणजे सूर्यकिरणांसारखी प्रभावळ असलेलं ते उंच पात्र. वेदीवर चार किंवा सहा मेणबत्त्या पेटवलेल्या असतात. या वेळी सगळे गुडघ्यावर असतात, गीत चालू असतं, आणि फादर धूपदाणी हलवत धूप देतात.

पुढचा वेळ बायबलमधला एखादा उतारा, गीतं, थोडं चिंतन आणि शांतता यांत जातो. किती काय असावं याचं माप ठरलेलं नाही, पण शांतता असलीच पाहिजे, असं विधीच सांगतो. प्रत्यक्षात आपल्याकडे तीच सर्वांत आधी कापली जाते. कॉयरला (गायकांच्या गटाला) आणखी एक गीत म्हणायचं असतं, निवेदकाला आणखी एक पान वाचायचं असतं, आणि लाउडस्पीकर चालू ठेवला नाही तर काही चाललंच नाही असं आयोजकांना वाटतं. तासाभराच्या आराधनेत सलग पंधरा मिनिटं माइक बंद ठेवा, अशी आमची प्रत्येक वाड्याच्या गटाला विनंती असते. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली की समजावं, जमलं.

शेवटी 'तांतुम एर्गो' म्हणतात, लॅटिनमध्ये किंवा कोकणीत. तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांच्या स्तोत्रातली ही शेवटची दोन कडवी. पुन्हा धूप दिला जातो. मग फादर खांद्यांवरून लांब रेशमी शेला घेतात, त्याच्या टोकांनी मॉन्स्ट्रन्स धरतात आणि लोकांवर क्रुसाची खूण करतात. या क्षणी ते एक शब्दही बोलत नाहीत, कारण आशीर्वाद त्यांचा नसतो, ते फक्त धरून उभे असतात. हात शेल्याखाली झाकतात तेही त्याचसाठी. घंटा वाजते. त्यानंतर देवाच्या स्तुतीची वाक्यं एकामागून एक म्हणतात, होस्ट परत साक्रारमध्ये जाते आणि दार बंद होतं.

५. त्या शांततेत करायचं काय? मला तर दोन मिनिटांत घरची गॅसची शेगडी आठवते.

सर्वांनाच आठवते. शेगडी आठवली की परत या, पुन्हा आठवली की पुन्हा परत या. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस सारखा बोलत नसतो, पण तो तिथे असणं दोघांनाही कळतं. तसं बसता आलं तरी पुष्कळ झालं.

काहीतरी हाताशी हवंच असेल तर शुभवर्तमानातला एक छोटा प्रसंग घरूनच वाचून या. छापील प्रार्थनांचं जाड पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उरकण्याचा मोह टाळलेला बरा. प्रार्थना मोबाइलवर वाचत असाल तर आवाज आणि नोटिफिकेशन बंद ठेवा. स्क्रीनचा उजेड अंधारात मागच्या तीन बाकांना दिसतो.

किती वेळ बसावं? जितका जमेल तितका. मध्ये उठून जाणं हा अनादर नाही. जाताना गुडघा टेकून जा, इतकंच.

६. एक गुडघा टेकायचा की दोन्ही? आणि गुडघे दुखत असतील तर?

सध्याच्या विधीप्रमाणे एकच गुडघा, मग होस्ट मॉन्स्ट्रन्समध्ये असो वा साक्रारमध्ये बंद. १९७३ सालच्या विधिग्रंथापासून हा नियम असाच आहे. त्याआधी होस्ट उघडी मांडलेली असेल तर दोन्ही गुडघे टेकायची पद्धत होती, आणि गोव्यातली जुनी माणसं अजून तसंच करतात. त्यांना कुणी सुधारायला जाऊ नये.

गुडघे साथ देत नसतील तर बसून राहा, मान लववा. खुर्चीत बसलेल्या आजींकडे वळून बघणारे लोक आराधना सोडून भलतंच काहीतरी करत असतात.

७. कोकणी नीट येत नाही आणि रोमी लिपी वाचता येत नाही. अडेल का?

अडत नाही. आराधनेचा मोठा भाग शांततेचा आहे, निदान असायला हवा (प्रश्न ४ पाहा). गीताच्या वेळी ऐकत राहा. रोझरी (जपमाळेची प्रार्थना) चालू असेल तर आपल्या मराठीत हळू आवाजात म्हणा, लय आपोआप जुळते. काही पॅरिशमध्ये वाचनासाठी माणसं हवीच असतात, तेव्हा विगाराला (पॅरिशच्या मुख्य फादरना) विचारून एखादा उतारा मराठीतून वाचायची सोय होऊ शकते. विचारल्याशिवाय मात्र कुणाला सुचत नाही.

८. आम्ही हिंदू आहोत. येऊन बसलो तर चालेल का? चप्पल, डोक्यावर पदर, पाळी, यांचे काय नियम?

या, निःसंकोच या. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मरियामातेच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला, हिंदू भाविक तेल घेऊन येतात ही इथली जुनी गोष्ट आहे, इगर्जीत पाऊल टाकणं गोव्यात कुणाला नवं नाही. सोयीसाठी एकेक सांगतो.

चपला काढायची रीत इथे नाही. काढल्यात तरी हरकत नाही, फक्त दाराच्या मधोमध नको. स्त्रियांनी डोकं झाकावं असा नियम आता नाही. जुन्या पिढीत होतं, काही जणी आजही आवडीने घेतात. कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे असावेत, हे पुरुषांनाही लागू.

पाळीचा प्रश्न जवळजवळ दर महिन्याला येतो, तोही दबक्या आवाजात, आणि विचारणाऱ्यांत लग्नानंतर ख्रिस्ती झालेल्या सुनाही असतात. उत्तर स्पष्ट आहे. कॅथलिक चर्चमध्ये पाळीच्या दिवसांत आराधनेला, मिस्साला, कम्युनियनला, वेदीजवळ वाचनाला, कशालाही आडकाठी नाही. सासूबाई काही वेगळं सांगत असतील तर तो घरचा रिवाज, चर्चचा नियम नव्हे.

गुडघे टेकायचे की नाही ते तुमच्यावर. आशीर्वादाच्या वेळी सगळे खाली वाकतात तेव्हा नुसतं शांत उभं किंवा बसून राहिलात तरी पुरे.

९. शेवटी प्रसाद मिळतो का?

आराधनेत काही वाटत नाहीत. मिस्सात जी होस्ट देतात ती प्रसाद म्हणून सर्वांना द्यायची नसते. ती तयारी करून पहिलं कम्युनियन घेतलेल्या कॅथलिकांसाठी असते. हिंदू पाहुणे मिस्सात चुकून रांगेत उभे राहिले तर हात जोडून पुढे सरकावं, फादरना कळतं. कुणी हातात दिलीच तर ती खिशात घालून घरी नेऊ नका, तिथेच परत द्या. यामागचं कारण प्रश्न २२ मध्ये आहे.

१०. नवस बोलता येतो का? नारळ, तेल, फुलं आणली तर?

मागणं मागा, मनापासून मागा. पण "हे झालं तर मी ते करीन" असा सौदा साक्रामेंतासमोर मांडू नये, असं आम्हाला वाटतं. काही द्यायचंच असेल तर काम होण्याची वाट न बघता गरजवंताला द्या.

फुलं साक्रिस्तीत (विधीच्या तयारीच्या खोलीत) द्या, सजावटीत लागतात. मॉन्स्ट्रन्ससमोर नेऊन वाहू नका. तेल आणि मेणबत्त्या बहुतेक ठिकाणी बाहेरच्या क्रुसापाशी किंवा ठरवून दिलेल्या जागी ठेवतात. नारळ फोडायची पद्धत इगर्जीत नाही.

११. आराधना केव्हा असते?

बहुतेक पॅरिशमध्ये महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. ही येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती, सतराव्या शतकात फ्रान्समधल्या संत मार्गरेट मेरी आलाकोक यांच्यापासून पसरलेली. गुरुवारी रात्री तासभर जागण्याची 'होली अवर'ची प्रथाही त्यांच्याकडूनच आली. पहिल्या शुक्रवारी सकाळी फादर आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन घेऊन जातात, म्हणून त्या दिवशी विगार भेटले नाहीत तर रागावू नका.

याशिवाय काही ठिकाणी दर गुरुवारी, काही ठिकाणी फेस्ताआधीच्या नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) दिवसांत. 'फॉर्टी अवर्स' म्हणजे चाळीस तासांची आराधना ही सोळाव्या शतकात मिलानमध्ये सुरू झालेली रीत, पोप आठवे क्लेमेंट यांनी १५९२ मध्ये ती रोममध्ये नीट बसवली. दोन मोठ्या मिरवणुकांविषयी प्रश्न १९ मध्ये लिहिलं आहे.

१२. साक्रार बंद असताना, कुणी नसताना, दुपारी एकटंच जाऊन बसलं तर ती आराधना होते का?

होते. होस्ट दिसणं गरजेचं नाही. साक्रारजवळचा दिवा तेवत असेल तर ख्रिस्त तिथे आहे असं समजावं. तो दिवा अखंड ठेवायचा असतो. आमच्या मते सवय लागायला ही सर्वांत चांगली पद्धत, कारण इथे ना कॉयर ना माइक. कामावरून परतताना पाच मिनिटं बसून जाणारे रिक्षावाले आणि मासे विकून झालेल्या बायका हे रोजचं दृश्य आहे.

अडचण एकच, कुलपाची. रोज काही तास तरी चर्च उघडं ठेवावं, असं चर्चचा कायदा सांगतो, पण दुपारी गोवा झोपतो आणि इगर्जीही. सकाळच्या मिस्सानंतरचा तास किंवा संध्याकाळ धरा.

१३. माझं लग्न चर्चच्या नियमात बसत नाही, म्हणून कम्युनियन घेता येत नाही. आराधनेला बसू शकते का?

हो, कुणाचीही परवानगी न घेता. घटस्फोटानंतर दुसरं लग्न झालेले, नुसतं रजिस्टर लग्न केलेले, बरीच वर्षं कन्फेशनला (फादरपुढे पापांची कबुली द्यायला) न गेलेले, आराधना कुणालाही बंद नाही. आधी कन्फेशन करूनच यावं असंही नाही. कम्युनियनची ओढ मनात धरून प्रार्थना करणं यालाही चर्चमध्ये मान आहे.

फादरशी एकदा बोलून घ्या, असं मात्र सुचवतो. आपलं प्रकरण सुटणारं नाही असं गृहीत धरून वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसलेल्यांपैकी काहींचं प्रकरण सुटण्यासारखं निघतं.

१४. शनिवारी रात्रभर आराधना केली, मग रविवारचा मिस्सा चुकला तर चालेल?

नाही. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. शनिवारी संध्याकाळी रविवारचा मिस्सा असतो, तो घ्या आणि मग जागा.

१५. अर्धा तास बसलं की पापदंडाची पूर्ण माफी मिळते म्हणतात. खरं का?

हो. किमान अर्धा तास आराधना केली तर प्लेनरी इंडल्जन्स मिळू शकतो, पण नेहमीच्या अटींवर. कन्फेशन, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि पापाची ओढ सोडलेली असणं. शेवटची अट लोक हमखास विसरतात, आणि सर्वांत अवघड तीच आहे. हे पापांच्या क्षमेऐवजी नाही. क्षमा कन्फेशनमध्ये मिळते, इंडल्जन्स उरलेल्या दंडाविषयी असतो.

१६. होस्ट मांडलेली असताना रोझरी किंवा सायबिणीची नोव्हेना करावी का?

रोझरी करता येते, २००४ च्या रोमच्या सूचनापत्रातही तसं म्हटलं आहे. ती ख्रिस्ताच्या जीवनावर मन ठेवून म्हणावी, इतकीच अपेक्षा. एखाद्या संताची नोव्हेना, त्याच्या मूर्तीला हार, फेस्ताच्या देणगीदारांची यादी, हे मात्र आराधनेच्या आधी किंवा नंतर करावं. देणगीदारांची यादी मॉन्स्ट्रन्ससमोर वाचली जाणं हा आमचा जुना वैताग आहे.

१७. फादर आले नाहीत तर कुणी दुसरं आराधना सुरू करू शकतं का?

ठरावीक परिस्थितीत, हो. बिशपने नेमलेली व्यक्ती, उदाहरणार्थ कम्युनियन वाटायला नेमलेले सेवक, होस्ट मांडू शकतात आणि परत ठेवू शकतात. आशीर्वाद मात्र ते देऊ शकत नाहीत, तो फक्त फादर किंवा डीकन देतात. "किल्ली माझ्याकडे असते म्हणून मी काढली" हे कारण चालत नाही. साक्रारची किल्ली सांभाळणं ही विगाराची जबाबदारी.

कॉन्फ्रारियाचे (चर्चमधल्या बंधुसंस्थेचे) सदस्य ओपा-मुर्स हा त्यांचा विधीचा पोशाख घालून मेणबत्त्या धरतात, मिरवणुकीत छत्र धरतात, तो त्यांचा मान. पण आराधनेला बसण्याशी कॉन्फ्रारियाच्या सदस्यत्वाचा, घराण्याचा किंवा जातीचा काही संबंध नाही. कुणी तसं सुचवलं तर सरळ विगाराला सांगा.

रिकामा मॉन्स्ट्रन्स घासून-पुसून ठेवायला कुणीही हात लावू शकतं.

१८. काही अडचणीचे प्रसंग: मध्येच मिस्साची वेळ झाली तर? पहाटेच्या पाळीला कुणी आलंच नाही तर? पवित्र गुरुवारी मॉन्स्ट्रन्स का नसतो?

होस्ट मांडलेली असताना त्याच जागेत मिस्सा होत नाही. आधी होस्ट आत ठेवतात, मग मिस्सा. म्हणून फेस्ताच्या दिवसांत एखादं लग्न असेल तर आराधना थांबवून पुन्हा सुरू करावी लागते. उलट, मिस्सा संपला की दोन मिनिटांसाठी होस्ट काढून नुसता आशीर्वाद देऊन टाकायचा, हेही नियमाला धरून नाही. आशीर्वादाआधी वाचन, प्रार्थना, शांतता यांना योग्य वेळ हवाच.

पहाटेच्या पाळीचं म्हणाल तर मांडलेली होस्ट क्षणभरही एकटी सोडायची नसते. रात्रीच्या आराधनेत वाड्यांना तास वाटून देतात, आणि तीन ते चारचा तास नेहमी त्याच दोघा-तिघांच्या वाट्याला येतो. पुढचा गट आला नाही तर आधीच्यांनी थांबावं आणि फादरना फोन करावा. माणसं मिळत नसतील तर रात्रभर ओढत नेण्यापेक्षा अकराला आशीर्वाद देऊन संपवलेलं बरं. नाव नोंदवून न येणं हे नाव न नोंदवण्यापेक्षा वाईट.

पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर साक्रामेंत सजवलेल्या वेगळ्या जागी नेतात आणि लोक मध्यरात्रीपर्यंत जागतात. ही आराधनाच आहे, पण साक्रार बंदच ठेवायचा असतो, मॉन्स्ट्रन्स वापरायचा नाही असा स्पष्ट नियम आहे. मध्यरात्रीनंतर बसता येतं, पण गीतं-सोहळ्याशिवाय, कारण शुक्रवार सुरू झालेला असतो. शुक्रवारी मुख्य साक्रार उघडा आणि रिकामा दिसला तर चोरी झाली असं समजून फोन करू नका.

१९. रस्त्यावर मिरवणूक समोर आली तर काय करायचं? आणि पाऊस आला तर?

मिरवणुका मुख्यतः दोन. एक कॉर्पुस क्रिस्तीची. लिएजच्या संत ज्युलियाना यांच्या आग्रहातून उभा राहिलेला हा सण १२६४ मध्ये पोप चौथे अर्बन यांनी सगळ्या चर्चला लागू केला. मूळ दिवस गुरुवारचा, भारतात तो रविवारी पाळतात. दुसरी नोव्हेंबरातली, ख्रिस्तराजाच्या सणाची. हा सण पोप अकरावे पायस यांनी १९२५ मध्ये सुरू केला. गोव्याच्या हवेला दुसरी मिरवणूक मानवते. कॉर्पुस क्रिस्ती मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये येतो, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. त्यामुळे अनेक ठिकाणी मिरवणूक इगर्जीच्या आतच फिरते. बाहेर काढली आणि सर आली तर छत्राखाली होस्ट सुरक्षित आणणं पहिलं. रांग मोडली तरी चालेल.

स्कूटरवर असाल तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हॉर्न वाजवू नका. गुडघे टेकायची सक्ती नाही. हेल्मेट काढलंत तर तुमच्या मोठ्या मनाचं.

२०. आराधना ऑनलाइन पाहिली तर चालते का?

आजारी, म्हातारी, परदेशी बोटीवर काम करणारी माणसं पाहतात आणि त्यांना आधार मिळतो, हे खरं आहे. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधल्या ओस पडलेल्या संत पीटर चौकावर मॉन्स्ट्रन्सने आशीर्वाद दिला, तेव्हा जगाने तो पडद्यावरच पाहिला. पण साक्रामेंत पडद्यावर नसतो, तो वेदीवर असतो. पायांनी चालत जाता येत असेल तर जा. गेल्या महिन्याचं रेकॉर्डिंग लावून ठेवणं ही प्रार्थनेला मदत होऊ शकते, आराधना नव्हे.

२१. आईला बाहेर पडता येत नाही. होस्ट घरी आणून देवघरासारखी ठेवता येईल का?

नाही. कुणीही साक्रामेंत स्वतःच्या घरी ठेवू नये, सोबत घेऊन प्रवास करू नये, असा कायदा आहे. डचांच्या अमलाखालच्या श्रीलंकेत कॅथलिक उपासनेला बंदी होती, तेव्हा बाणावलीचे संत जुझे वाझ लपूनछपून घरांत मिस्सा करत. पण ती छळाची वेळ होती, आणि ते धर्मगुरू होते.

आईंसाठी पॅरिश ऑफिसात नाव द्या. फादर किंवा नेमलेले सेवक कम्युनियन घेऊन येतील. त्या दिवशी स्वच्छ कपडा घातलेलं मेज, मेणबत्ती आणि ग्लासभर पाणी तयार ठेवा, टीव्ही बंद करा. चहा-बिस्किटं नंतर.

२२. पावसाळ्यात होस्ट खराब होत नाही का? आणि जमिनीवर पडलेली सापडली तर?

होते. गोव्यातली जुलैची दमट हवा मॉन्स्ट्रन्सची पर्वा करत नाही. होस्ट आधी मऊ पडते, कडा वळतात, आणि तशीच ठेवली तर बुरशी धरते. म्हणून होस्ट वरचेवर बदलायच्या असा नियम आहे, आणि पावसाळ्यात तो जास्त काटेकोरपणे पाळावा लागतो. जुनी फादर सेवन करतात. भाकरीचं रूप जोवर आहे तोवर ख्रिस्ताची उपस्थिती आहे, ती कुजून भाकर राहिलीच नाही की ती उपस्थितीही उरत नाही, अशी शिकवण आहे. खाण्याजोगी नसलेली होस्ट पाण्यात पूर्ण विरघळवतात आणि ते पाणी साक्रिस्तीतल्या खास मोरीत ओततात. तिचं पाणी गटारात न जाता थेट मातीत जिरतं.

बाकाखाली, गीतपुस्तकात किंवा आवारात होस्ट दिसली तर पवित्रीकरण झालेली आहे की नाही हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून झालेली आहे असंच धरा. केराच्या डब्यात टाकू नका, मुलांना उचलायला सांगू नका, फोटो काढून ग्रुपवर पाठवू नका. एकाने तिथेच थांबावं, दुसऱ्याने फादरना बोलवावं. कुणी मुद्दाम होस्ट पळवताना किंवा फेकताना दिसलं तर तोही फादरच्या कानावर घालायचा विषय आहे. चर्चच्या कायद्यात त्याला आपोआप लागू होणारी बहिष्काराची शिक्षा आहे, आणि ती उठवण्याचा अधिकार रोमकडे राखून ठेवलेला आहे. आवारात कुणाला धरून जाब विचारत बसू नका. बरेचदा ती नुकतंच पहिलं कम्युनियन घेतलेल्या, चव न आवडलेल्या एखाद्या मुलाने हळूच थुंकलेली असते, आणि त्याला ओरडण्यापेक्षा कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) टीचरशी बोलावं.